दोन वाजताचा भोंगा

डोणगावात वीज येऊन थोडीच वर्षं झाली होती. माझं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं आणि वडिलांच्या लेखी ते निव्वळ खूळ होतं. गावच्या डॉक्टरांना घरी गाणं ऐकायला दिव्यासारख्या काचेच्या व्हॉल्व्हचा, आवाज मोठा करणारा चांगला अ‍ॅम्प्लिफायर हवा होता. त्यांनी दोघांना एकेक बांधायला सांगितला, मला आणि शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या मास्तरांना. कानाला जो बरा लागेल तो ते ठेवणार होते. वडिलांनी लगेच फैसला केला, "डाक्टरनं तुही मशीन ठेवली त दुकान चालव. नाही त उद्यापासून वावरात ये."

पंचाईत अशी की व्हॉल्व्ह हातात कसा धरायचा, हेसुद्धा मला मास्तरांनीच शिकवलं होतं.

आदल्या दिवशी मी त्यांची मशीन त्यांच्या घरी ऐकली. तबकडीतल्या शहनाईवाल्यानं घेतलेला दमसुद्धा ऐकू येत होता. माझं तर तोंडचं पाणीच पळालं. माझी मशीन चांगली होती, पण इतकी चांगली होती का? आपल्याच कामाबाबत कान खरं सांगत नाहीत.

कापसाचा हंगाम होता. कापसातली सरकी काढणाऱ्या जिनिंग कारखान्याची जेवणाची सुट्टी एकला लागायची आणि दोन वाजता संपायची. भोंगा व्हायचा, मोटारी सुरू व्हायच्या आणि अख्ख्या गावाचं व्होल्टेज खाली बसायचं. आम्हा रेडिओवाल्यांना हे पाठ असतं.

दुसऱ्या दिवशी दीडच्या सुमाराला डॉक्टरांच्या बैठकीत दोन्ही मशीन मांडल्या. ग्रामोफोन चावीचाच, फक्त त्याच्या पिनेच्या दांडीला आवाज मशीनकडे नेणारा विजेचा पिकअप बसवलेला. तबकडी तीच, स्पीकरही एकच. आधी कोणाची लावायची, असं डॉक्टरांनी विचारलं.

"मैफलीत मोठा गवई शेवटी बसते," मी म्हणालो. "मास्तरांची मागून लावू."

पोराला रीत कळते म्हणून डॉक्टर खूष झाले. मास्तरांनी माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं आणि नुसतं "हाव" म्हणाले.

माझी मशीन झकास वाजली. डॉक्टर डोळे मिटून ऐकत होते. मी मात्र त्यांच्या डोक्यावरच्या घड्याळाकडे बघत होतो. तबकडी संपली तेव्हा दोनला आठ मिनिटं कमी होती. मास्तर तारा बदलायला उठले.

"तुम्ही बसा ना मास्तर, मी जोडतो."

दोन मिनिटांचं काम. मी एक स्क्रू ढिला केला, पुन्हा आवळला, मुद्दाम खाली पाडला, सतरंजीवर शोधत बसलो. चार मिनिटं राहिली. मग व्हॉल्व्ह तापायची वाट. मी पिन बदलली, तबकडी पुसली. डॉक्टर म्हणाले, "अहो, किती वेळ?" आता लावल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. मी पिकअप उचलला आणि भोंगा झाला.

शहनाई सुरू झाली ती घसा बसल्यासारखी. व्हॉल्व्हमधली लाल तार मंद होत गेली. मी ती बघितली, आणि मास्तरांनीही बघितली. थांबा, व्होल्टेज पडलंय, एवढंच त्यांनी म्हणायचं होतं. ते मूग गिळून बसून राहिले.

"मास्तर, पोरानं तुमच्यावर मात केली," डॉक्टर म्हणाले.

चार दिवसांनी मास्तर दुकानात आले. सायकलच्या कॅरिअरला टॉवेलात गुंडाळलेली मशीन बांधली होती.

"भोंगा मलेही ऐकू आला होता," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, आणि त्याचीच मला जास्त लाज वाटली. "तुही मशीन चांगली होती बे. मंग भेला काऊन?"

मी मान खाली घालून रेडिओचं झाकण घासत राहिलो.

"आता एक वाजून राह्यला. डाक्टरकडे चाल, दोन्ही पुन्हा लावून पाहू. त्यायले काही सांगू नको. आपल्या दोघाले कळलं म्हणजे झालं."

"गिऱ्हाईक येऊन राह्यलं मास्तर," मी म्हणालो.

कोणी येणार नव्हतं. मास्तरांनी रिकाम्या दुकानाकडे एकदा बघितलं आणि सायकल हातात धरून निघून गेले.

दुकान पुढे चाळीस वर्षं चाललं. डॉक्टरांकडे आलेला पाहुणा माझ्या मशीनचं कौतुक केल्याशिवाय उठत नसे. दोघांतली खरी कोणाची चांगली होती, ते मला आजही माहीत नाही.