लोकरीच्या दुकानाबाहेरची बाबागाडी

पडदा वर जातो, तेव्हा रंगमंचावर एकच वस्तू: बेकरीच्या भिंतीशी उभी केलेली बाबागाडी. डेन्मार्कमधल्या आमच्या स्वेनबॉर्गमध्ये पोरं भर थंडीत उघड्यावर झोपतात आणि आया आत कॉफी पितात. त्यात कुणाला काही वाटत नाही.

ही गाडी माझ्या वरच्या मजल्यावरच्या तिल्देची. पोरगी विशीतली, कडेवर तान्ही कार्ला आणि जोडीला एडीएचडी. एक गोष्ट डोक्यात शिरली की दुसरी पुसली जायची. त्या सकाळी पाव घेताना तिला शेगडीवरचं दूध आठवलं आणि ती घरी धावली. जिन्यात तिला आपले रिकामे हात दिसले; गाडी बेकरीपाशीच राहिली होती. तशीच उलटी पळाली. कार्ला गाढ झोपेत होती. पण गाडीपाशी सासू, बोदिल, उभी होती.

मग घरातल्या प्रत्येकाच्या वाढदिवसाला, सगळ्यांच्या देखत, बोदिल विचारायची, ‘‘पोरगी आणलीस, की पावाच्या बदल्यात देऊन आलीस?’’ तिल्दे माफी मागायची. नवरा आस्गर खाली बघून केक खायचा. तो बोटीवरचा माणूस. तो समुद्रावर गेला की कार्ला आपल्याकडेच राहणार, असं बोदिलनं ठरवलं. येत्या रविवारी कॉफीवर घरच्यांनी त्याला फक्त मान डोलवायची होती.

‘‘माझ्या काही लक्षात राहत नाही ना?’’ तिल्दे मला म्हणाली. ‘‘हे राहील.’’

त्याच आठवड्यात बोदिल नातीला फिरवायला घेऊन गेली. आम्ही दोघी बाजारातून परतत होतो. आमच्या फाटकाशेजारच्या लोकरीच्या दुकानाबाहेर गाडी, गाडीत झोपलेली कार्ला, आणि बोदिल आत रंग निवडण्यात दंग. तिल्देनं गाडीचा ब्रेक सोडला. मी फाटक उघडून धरलं. आयुष्यभर नाटकात काढलेली बाई मी, असा प्रवेश कसा सोडणार?

बोदिल बाहेर आली. रिकामा फुटपाथ पाहून तिच्या हातातली पिशवी गळून पडली. ती चौकाकडे धावली, परत आली, पुन्हा चौकाकडे धावली. फाटकाच्या फटीतून आम्ही पाहत होतो. पुरे झालं आता, असं मी पुटपुटले.

‘‘अजून थोडं,’’ तिल्दे म्हणाली. ‘‘मी जिन्यापर्यंत पोचले होते.’’

बोदिल दुकानाच्या पायरीवर मटकन बसली, तेव्हा कुठे तिल्दे गाडी ढकलत बाहेर गेली. दुलई सरकवून तिनं कार्लाचा चेहरा दाखवला. बोदिल रडत होती. तिल्दे तिच्याजवळ वाकली आणि अगदी शांतपणे म्हणाली,

‘‘रविवारी कॉफीवर हे कोण सांगणार, बोदिल? तुम्ही, की मी?’’