आईचा निळा वाडगा

आर्डेल मंगिन यांनी उभी हयात अमेरिकेतल्या सव्हाना शहरातल्या शाळेत इतिहास शिकवण्यात आणि त्याविषयी तक्रारी करण्यात घालवली होती. पाठ्यपुस्तकात गुलामांच्या वाट्याला जेमतेम दीड पान येते, ही एक तक्रार. कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचा महिना म्हणून पाळला जाणारा फेब्रुवारी सरताच त्यांची चित्रे भिंतीवरून उतरतात, ही दुसरी. म्हणूनच त्यांच्या मूळ बेटावरच्या चर्चने 'पूर्वजांचा सन्मान, जखमांवर फुंकर' असा रविवार ठरवून भाषणासाठी त्यांना बोलावले, तेव्हा कोणाला दोष द्यावा हे त्यांना प्रथमच सुचले नाही.

आदल्या दिवशी त्या आपल्या आईच्या कबरीपाशी जायला निघाल्या. तिथे नाव कोरलेला दगड नव्हता. बेटावर तो फारच थोड्यांना परवडत असे. माणसाने शेवटी वापरलेली वस्तू फोडून त्याच्या कबरीवर ठेवायची, म्हणजे घरातली मरणाची साखळी तुटते, अशी तिथली रीत. आईचा निळा वाडगा हीच तिची खूण होती.

कबरस्तानात मात्र सपाट, झाडलेली वाळू पसरली होती.

"आता तरी तुमची तक्रार नसेल, मिस आर्डेल," हात पुसत चर्चचे कारभारी डीकन ब्रायन म्हणाले.

"कबरींवरच्या वस्तू कुठे आहेत?"

"त्या फुटक्या कपबशा? ट्रकमागे ढीग केलाय. उद्या चार्ल्स्टनहून पाहुणे येणार. आमची माणसं उकिरड्यावर झोपलीत, असं म्हणायचं का त्यांनी?"

"ढिगात एक घड्याळ दिसतंय. कोणाचं?"

"माझ्या आजीचं." डीकन वळून वाळूकडे पाहू लागले. चेहऱ्यावरचे हसू सवयीने काही वेळ तसेच राहिले. "ती त्या ओकच्या झाडाखाली... की पलीकडच्या?"

आर्डेलबाईंच्या जिभेवर एक जहाल वाक्य तयार होते. परक्यांनी कबरी उकरल्या असत्या तर ते कामी आले असते. इथे आपल्याच माणसांनी, आपल्याच सन्मानासाठी, आपलीच ओळख झाडून टाकली होती. असा राग कोणाच्या दारात नेऊन टाकायचा?

त्या ढिगाशी बसल्या. निळ्या खापऱ्या पुष्कळ निघाल्या. वाडग्याची कड पांढरी होती का? आई त्यातून मक्याची लापशी खात असे, एवढे पक्के आठवत होते. कड आठवत नव्हती. शेवटी, कदाचित आईच्या बोटांनी झिजली असेल म्हणून, आपला अंगठा जिच्यावर नीट बसला ती खापरी त्यांनी उचलली.

रविवारी पाहुण्यांसमोर त्यांनी भाषण घडी घालून पर्समध्ये ठेवले. "जखमांवर फुंकर घालण्याविषयी मला आज काही सांगता येणार नाही. माझी आई कुठे आहे, ते मला ठाऊक नाही. ज्यांना आपलं काही आठवतं, त्यांनी ढिगातून ते उचलून जागेवर ठेवा."

मग कबरस्तानात जी वादावादी सुरू झाली, तिला सन्मान म्हणावे की भांडण, हे पाहुण्यांना उमगेना. डीकन घड्याळ छातीशी धरून दोन ओकांमध्ये येरझाऱ्या घालत होते. आर्डेलबाईंनी अंदाजाने एका देवदाराजवळ खापरी टेकवली, तोच शेजारच्या म्हाताऱ्या मिस युलाली चिझोम काठी आपटत आल्या.

"अगं, ती माझ्या मामाची जागा आहे. नको तिथे बायका आणून ठेवू नकोस, आधीच बदनाम होता तो."

"तुम्हाला खात्री आहे, मिस युलाली?"

म्हातारीने देवदाराकडे, मग वाळूकडे पाहिले. "काल होती."

आर्डेलबाई खापरी उचलू लागल्या, तर युलालींनी काठी आडवी धरली.

"राहू दे. मी मामाशी बोलायला येते, तेव्हा तुझ्या आईलाही हाक मारीन. तू येशील तेव्हा त्यालाही हाक दे. इथं नसतील, तर जवळच कुठेतरी ऐकतील."

आर्डेलबाईंनी मान डोलावली. एका अनोळखी पुरुषाला काय म्हणून हाक मारायची, हे त्यांना कळेना, तेव्हा त्यांनी आधी त्याचे नाव विचारले.