जर्मनीचं गुलाबी पत्रक

आमच्या घरी वर्तमानपत्र यायचं नाही, पत्रकं यायची. आई विड्या वळायची आणि विडी कामगार बायकांच्या संघटनेचं कामही बघायची. त्यामुळे मी जोडाक्षरं शिकले तीच मुळी ‘संघर्ष’ आणि ‘निषेध’ यांवरून. माझ्या वह्यांना पत्रकांची कव्हरं असायची आणि कच्चं गणित पत्रकांच्या कोऱ्या पाठीवर व्हायचं. भावानं पेन्सिल पळवली तर मी ओरडायचे, “हा अन्याय आम्ही सहन करणार नाही!” एकटी असले तरी ‘आम्ही’.

दहावीला इतिहासात आधुनिक जग आलं आणि ते शिकवायला नवे सर आले. सर नातेपुत्याकडचे. धडा सुरू करताना पुस्तकी बोलायचे, पण रंगात आले की गावाकडचे व्हायचे. “नकाशा बघा की लेकरांनो! देश बघा एवढं एवढं आन् भांडण बघा केवढं!” त्यांच्या तासाला कुणी पाणी प्यायला जाऊ का असं विचारायचं नाही.

पहिलं महायुद्ध शिकवून झाल्यावर सरांनी पॅरिसची शांतता परिषद भरवायचं ठरवलं. एकेक बाक म्हणजे एकेक देश, आणि बाकावरचा एकजण त्याचा प्रतिनिधी. मुख्याध्यापिका बाईंनी शनिवारी सकाळी शाळेचं सभागृह दिलं, पण वर्गात येऊन बजावलं, “आवाज नको आणि बाहेरचं माणूस नको. गोंधळ झाला तर असले तास बंद. मग मुकाट्यानं पुस्तक वाचून दाखवायचं.” हे त्या सरांकडे बघून म्हणाल्या. सर फळा पुसत राहिले. पुसलेलाच फळा परत पुसत होते.

देशांच्या चिठ्ठ्या टाकल्या. मला रशिया हवा होता, आला जर्मनी. मी तोंड फुगवलं.

“आगं, रशियाला परिषदेला बोलावलंच न्हवतं,” सर म्हणाले. “घरी बसावं लागलं असतं तुला.”

“मग जर्मनीनं काय करायचं?”

“बाहेर व्हरांड्यात बसायचं. शेवटी हाक मारली की आत यायचं आन् सही करायची. मधी बोलायचं न्हाय.”

माझं डोकंच फिरलं. एका बाजूला दाराबाहेर बसवून करार? आमच्या संघटनेच्या बायका कारखानदाराला शिव्या घालायच्या, पण आधी त्याचं ऐकून घ्यायच्या. त्याच संध्याकाळी मी जर्मनीचं पत्रक लिहिलं. ‘बंधू-भगिनींनो! आमच्या तोंडाला कुलूप लावणाऱ्या करारावर आम्ही सही का करायची?’ इथून सुरुवात करून खाली वेळ आणि जागा दिली, आणि शेवटी लिहिलं, ‘हजारोंच्या संख्येने उपस्थित राहा!’ वर्गात आम्ही जेमतेम चाळीस होतो. पण हे वाक्य नसलेलं पत्रक मी आयुष्यात पाहिलंच नव्हतं.

जर्मन सैन्य बेल्जियमवर कसं चालून गेलं, तिथली गावं कशी जाळली, हे सरांनी शिकवलं होतं. तेवढं मी गाळलं. पत्रकात आपली बाजू मांडायची असते, असा माझा ठाम समज होता.

घरात संघटनेचे गुलाबी कागद उरले होते. कोपऱ्यावरच्या दुकानात त्यांच्यावर झेरॉक्स काढल्या, वर्गात वाटल्या, आणि उरलेला गठ्ठा सवयीनं दारामागच्या कोनाड्यात विटेखाली ठेवला. घोटाळा झाला तो तिथंच. आमच्याकडे विटेखाली ठेवलेला गठ्ठा म्हणजे वाटायला तयार झालेलं पत्रक. शेजारच्या मावशी येता-जाता तो उचलायच्या आणि कुणाला न विचारता, विड्या द्यायला जाताना कारखान्याच्या दारात वाटून टाकायच्या. शुक्रवारी कोनाड्यात नुसती वीट होती. मला वाटलं, भावानं विमानं केली.

शनिवारी आत परिषद सुरू झाली आणि मी जर्मनी म्हणून व्हरांड्याच्या पायरीवर जाऊन बसले. दहाच्या सुमाराला शाळेच्या फाटकातून बायका यायला लागल्या. पुढे मावशी. सगळ्यांच्या हातात गुलाबी कागद.

“ए पोरी, सभा कुटं हाय?”

“कसली सभा, मावशी?”

“आता गं! तुमच्याच कोनाड्यातलं पत्रक न्हवं का? कागद गुलाबी हाय, शनवार हाय, धा वाजता हाय.”

“मावशी, ही सभा आपली नाही. ही जर्मनीची आहे.”

“मग? तिकडच्या बायकांना बी विडीची पानं खराब आली व्हय?”

आवाज ऐकून सर बाहेर आले. बायकांकडे बघितलं, मग माझ्याकडे.

“सर, हजारो नाहीत,” मी म्हटलं. “तीसच आहेत.”

सरांनी कपाळ धरलं. “आता आलाच हाईत तर बसा माय, पर आवाज नको.”

आवाजाची भीती नव्हतीच. सभेला कसं बसायचं हे त्या बायकांना आमच्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. चपला दाराशी ओळीत लावून त्या सभागृहात भिंतीकडेनं बसल्या, आणि त्यांच्यामागून मीही आत शिरले. कारखान्याच्या दारात कुणाच्या तरी हातातला गुलाबी कागद बघून उलगडा झाला, तशी मागून आई धावत आली, आणि तिच्या मागोमाग मुख्याध्यापिका बाई.

“यांना कुणी बोलावलं?”

मी हात वर केला. बाईंनी पत्रक घेतलं आणि अख्खं मोठ्यानं वाचलं. ‘हजारोंच्या संख्येने’ला सगळा वर्ग हसला. सर हसले नाहीत. त्यांचे तास आता या कागदावर अवलंबून होते आणि तो कागद माझा होता.

तेवढ्यात बेल्जियमच्या बाकावरून आवाज आला, “बाई, ह्यात मी नाही.”

ती मुलगी हातमागवाल्यांच्या घरातली, घरी तेलुगू बोलणारी. वर्षभरात वर्गात आपण होऊन बोललेली आम्ही ऐकली नव्हती. ती गडबडून गप्प झाली, तशी भिंतीकडची एक आजी म्हणाली, “चेप्पु बिड्डा, सांग की! सभा हाय, सांगायचंच असतं.”

मग ती उभी राहिली. “आमचं भांडणच नव्हतं कुणाशी. हे आमच्यातून वाट काढत गेले. घरं जाळली. आणि पत्रकात म्हणतात, आमच्यावर अन्याय झाला.”

मावशी माझ्याकडे वळल्या. “घुसली हुतीस का तिच्या घरात?”

“मी नाही, जर्मनी...”

“तूच जर्मनी न्हवं का? घुसली हुतीस का न्हाई, एवढं सांग.”

“घुसले होते.”

“मग ते का न्हाई लिवलं?”

आई माझ्याकडे नुसती बघत होती, आणि तेच मला जड गेलं.

सरांनी करार पुढे केला. मी सही केली. “पण बोलू द्यायला पाहिजे होतं, हे मी अजून म्हणते.”

“व्हय,” सर हळूच म्हणाले. “ते बी खरं हाय.”

बाईंनी पत्रकाची घडी घातली. “पत्रक काढून लोक बोलावलेत, आता पत्रक काढूनच खरं सांगा. सोमवारी माझ्या टेबलावर. ते वाचून ठरवते, हे तास ठेवायचे की नाही.”

घरी येऊन मी शुद्धिपत्रक लिहिलं. ‘मागील पत्रकात नजरचुकीने बेल्जियमचा उल्लेख राहून गेला.’ आई सूप मांडीवर घेऊन पानं कापत होती. म्हणाली, वाच. मी वाचलं.

“नजर चुकली होती?”

मी भडकले. “तुम्ही तरी मालकाची बाजू कुठं छापता?”

“मालकाची नाही छापत. आपलं चुकलं तर मात्र चुकलं म्हणून छापतो. त्यातल्या निम्म्या बायकांना वाचता येत नाही. नुसता कागद बघून आल्या आज. का आल्या?”

आईनं कात्री खाली ठेवली, हात पदराला पुसले, माझं पेन घेतलं, ‘नजरचुकीने’वर काट मारली आणि वर लिहिलं: ‘मुद्दाम’.

सोमवारी बाईंनी ते दोनदा वाचलं. मग शिपाईकाकांकडे टाचण्या मागितल्या आणि स्वतः फलकावर लावलं. सरांना जाता जाता म्हणाल्या, “शनिवारी सभागृह तसंही रिकामंच असतं.” सर वर्गात गेले आणि परत पुसलेलाच फळा पुसायला लागले.

शाळा सुटल्यावर शुद्धिपत्रकाच्या झेरॉक्सचा गठ्ठा घेऊन मी कारखान्याच्या दारात उभी राहिले. हा गठ्ठा विटेखाली ठेवायचा नाही, स्वतः वाटायचा, असं आईनं सांगितलं होतं. बेल्जियमही आली होती, निम्मे कागद तिच्या हातात. मावशींनी एक घेतला, आमच्याकडून वाचून घेतला आणि कमरेला खोचला.

“म्हंजे आता जर्मनीचं मिटलं म्हनायचं?”

“मिटलं. सही केली मी.”

“कसलं मिटतंय!” मावशी म्हणाल्या. “तोंड दाबून सही घेतली म्हनालीस की. परत भांडण हुतंय बघ.”

सरांचा पुढचा धडा, दुसऱ्या महायुद्धाचा, अजून व्हायचा होता. मी आणि बेल्जियमनं एकमेकींकडे बघितलं आणि मावशींना आणखी एक कागद दिला.