खूण न करता काढलेले बोल्ट

माझ्यावर सगळ्यांत मोठं ऋण आहे ते उमेळ्याच्या शाळेतल्या आमच्या विज्ञानाच्या टीचरचं. माझे आईवडील शाळेत फार गेले नव्हते. घरात पुस्तकं होती ती माझीच. आठवीपासून शाळा सुटली की मी टीचरच्या वाडीत जायचो, त्यांच्या ओट्यावर बसून अभ्यास करायचो आणि अंधार पडायच्या आत घरी परतायचो. इंजिनिअरिंगला प्रवेश घ्यायचा तेव्हा कॉलेजच्या कचेरीत एकट्याने शिरायलाही वडिलांना धीर होईना, म्हणून टीचर बरोबर आल्या. खिडकीतल्या माणसाने विचारलं, तुम्ही याच्या कोण? त्या म्हणाल्या, "मी याची टीचर. याच्या वडिलांना बसायला खुर्ची द्या आधी."

वर्गात त्यांचा एकच कडक नियम होता. कुठल्याही प्रयोगाच्या साहित्याला हात लावण्याआधी ते जसं आहे तसं वहीत लिहायचं. आम्ही मुलं उत्तर पुस्तकाप्रमाणे यावं म्हणून आकडे मागून जुळवत असू. टीचरना ते लगेच कळायचं. त्या वही परत देत आणि म्हणत, उत्तर चुकलं तरी मला चालेल, पण जे दिसलं नाही ते लिहू नका.

आता मी गाड्यांच्या एका सर्व्हिस सेंटरमध्ये आहे. पुढच्या काउंटरवर बसतो, गिऱ्हाइकाची तक्रार ऐकतो, संगणकात भरतो. पाना हातात क्वचितच येतो. टीचर मात्र माझ्याबद्दल शेजारीपाजारी सांगत असतात की आमचा मुलगा गाड्यांचा इंजिनिअर आहे. मी कधी ते दुरुस्त केलं नाही. ऐकायला बरं वाटायचं.

टीचरचा मुलगा जहाजावर नोकरीला. मी त्यांना दादा म्हणतो. त्यांची एक लहान पण फार वेगवान गाडी आहे. ते समुद्रावर असताना ती वाडीत झाकून ठेवलेली असते. टीचर आणि अंकल यांच्या लग्नाचा सुवर्णमहोत्सव जवळ आला होता. दादा सुट्टीवर येणार होते आणि त्याच गाडीतून आईवडिलांना मिसाच्या प्रार्थनेसाठी चर्चला नेणार होते. गाडीसाठी त्यांनी चेसिस ब्रेस मागवली होती, तिचं पार्सल वाडीत येऊन पडलं होतं. त्यांनी फोनवर विचारलं, बसवशील का? मी म्हणालो, त्यात काय.

ही ब्रेस म्हणजे गाडीच्या पोटाखाली बसणारी पोलादी आधारपट्टी. वेगात वळताना गाडीचं अंग पिळवटतं, ते कमी व्हावं म्हणून लावतात. अडचण अशी की ती ज्या बोल्टांवर बसते त्याच बोल्टांनी इंजिनाखालची चौकट, म्हणजे सबफ्रेम, धरलेली असते आणि पुढच्या चाकांचे हात त्या चौकटीला जोडलेले असतात. सगळे बोल्ट एकदम सैल केले की चौकट सरकते आणि चाकांची दिशा बिघडते. म्हणून गाडी चाकांवर उभी असावी लागते. चौकटीच्या कडेने रंगाची खूण करायची, एक बोल्ट काढायचा, पट्टी अडकवून तो परत लावायचा, मगच पुढच्याला हात घालायचा. हे मला माहीत होतं. माहीत नव्हतं असं सांगता आलं असतं तर निदान तेवढा आधार मिळाला असता.

गाडी चाकांवर उभी ठेवूनच उचलणारा रॅम्प सर्व्हिस सेंटरमध्ये होता. पण तिथे गाडी नेली असती तर ज्याला खरंच हे काम येतं त्याने ते केलं असतं, आणि मी काउंटरवर उभा राहिलो असतो. मी वाडीतच जॅक लावून गाडी उचलली, स्टँडवर ठेवली. चाकं हवेत लोंबत होती. अंगणात अंकल खुर्ची टाकून बसले होते, शेजारचे त्यांचे चुलतभाऊ आले होते, टीचर चहा घेऊन आल्या. रंगाची बाटली माझ्या पिशवीत होती. खूण करायला बसलो तर नवशिका दिसेन असं मला वाटलं. हे लिहितानाही कान गरम होतात.

पट्टीचं शेवटचं भोक जुळेना. मी खाली पडून ढकलत होतो, वर चुलतभाऊ विचारत होते, "काय रे इंजिनिअर, पट्टी आखूड पडली का शिक्षण?" सगळे हसले. टीचरही हसल्या, पण मला सांभाळून घेणारं हसणं होतं ते. मी सगळे बोल्ट सैल केले. चौकटीतून एक बारीक टक असा आवाज आला आणि पट्टी निमूट बसली. मी बोल्ट आवळले, बाहेर आलो आणि झालं म्हणालो.

गल्लीतून चक्कर मारली तेव्हा गाडी सरळ जायला स्टिअरिंग थोडं उजवीकडे धरावं लागत होतं. आधी कसं होतं? मला सांगता येईना. मी पाहिलंच नव्हतं. रस्त्याला उतार असेल अशी मी स्वतःची समजूत घातली आणि गाडीवर कापड घातलं.

समारंभाच्या सकाळी वाडीत बँडवाले आले होते. गाडीला पांढऱ्या फिती बांधलेल्या. अंकल सुटात, टीचर मोतिया रंगाच्या साडीत. दादा गाडी दारापर्यंत घेऊन आले आणि उतरता उतरता मला म्हणाले, "डावीकडे खेचतेय का रे थोडी?"

मी म्हणालो, "रस्त्याचा उतार आहे, दादा."

त्यांनी मान डोलावली. मिसानंतर आईवडिलांना हायवेवरून एक चक्कर मारून आणतो, असं ते कुणाला तरी सांगत होते. टीचर दरवाजाशी आल्या होत्या. त्यांनी माझं बोलणं ऐकलं होतं. वही परत देताना बघायच्या तसं माझ्याकडे बघितलं.

"काम करायच्या आधी बघून ठेवलं होतंस?"

"नाही, टीचर."

"मग उताराचं कशावरून म्हणतोस?"

बँड थांबला होता. मी म्हणालो, ही गाडी नेऊ नका. माझ्याकडून चाकं बिघडली आहेत. हायवेवर तर नकोच.

मग चुलतभाऊ म्हणाले, रिक्षा आहे की नाक्यावर. टीचर अंकलशी त्यांच्या घरच्या बोलीत काहीतरी बोलल्या. दादांनी फिती सोडल्या आणि आलेल्या रिक्षाला बांधल्या. टीचर साडी सांभाळत आत बसल्या, अंकलचा गुडघा वाकेना तेव्हा त्यांचा पाय दोन्ही हातांनी उचलून आत घेतला. मिसानंतर हॉलमध्ये त्यांनी मला दोनदा लोकांपुढे नेलं आणि आधी सांगत तसंच सांगितलं, हा आमचा इंजिनिअर. त्या रागावून बोलल्या असत्या तर मी जेवलो असतो. न जेवताच निघालो.

दुसऱ्या दिवशी दादांच्या परवानगीने गाडी हळू चालवत सेंटरला नेली. तिथल्या मेकॅनिकला सगळं खरं सांगितलं. चाकांची दिशा मोजणाऱ्या मशीनवर डावं चाक बाहेरच्या बाजूला वळलेलं दिसलं. आम्ही गाडी चाकांवरच रॅम्पवर ठेवली, चौकट जागेवर आणली, पट्टी एकेक बोल्ट करत पुन्हा बसवली. गाडी दादांच्या ताब्यात दिली तेव्हा सोबत हे पत्र दिलं.

आदरणीय टीचर,

समोर येऊन बोलायला हवं होतं. जमलं नाही म्हणून तुम्ही शिकवलंत तसं लिहितो.

कृती: आधारपट्टी बसवली. गाडी स्टँडवर होती, चाकं लोंबत होती, बोल्ट सगळे एकदम सैल केले. तिन्ही गोष्टी चुकीच्या, आणि तिन्ही मला माहीत होत्या.

आधीची नोंद: घेतली नाही. रंग पिशवीत होता. तुमच्यासमोर अडाणी दिसायचं नव्हतं.

निरीक्षण: गाडी डावीकडे जात होती. ते मी त्याच दिवशी पाहिलं आणि दारात तुमच्यादेखत उताराचं कारण दिलं. जे दिसलं नाही ते सांगितलं. तुम्ही विचारलं नसतंत तर तुम्हा दोघांना मी त्या गाडीत बसू दिलं असतं का, याचं उत्तर मी तेव्हापासून शोधतो आहे. हो असंच येतं.

आता चाकं सरळ आहेत. मशीनचा कागद जोडला आहे, आधीचा आणि नंतरचा, दोन्ही. चौकटीच्या कडेला पांढऱ्या रंगाची खूण केली आहे, दादांना खाली वाकून तुम्हाला दाखवता येईल.

मी सेंटरमध्ये काउंटरवर बसतो, टीचर. गाड्या दुरुस्त करत नाही. हे आधीच सांगायला हवं होतं.

थोडी चालवल्यावर ते बोल्ट पुन्हा एकदा तपासावे लागतात. त्यासाठी टॉर्क रेंच, म्हणजे आवळण्याचा जोर मोजणारा पाना, घेऊन वाडीत येईन, तुम्ही ये म्हणालात तर.

तुमचा विद्यार्थी