बारावा खण

दुपारी जेवून आडवी झाले की मला झोप लागत नाही, डुलकी लागते. दोन्हींत फरक आहे. डुलकीत फोन ऐकू येतो, आणि आज चार वाजता फोन यायचा आहे.

उशाशी माझी पेटी आहे. बारा खण, अकरा भरलेले. सगळी स्केलेटन घड्याळं. म्हणजे तबकडी काढून टाकलेली आणि आतला धातू कोरून इतका विरळ केलेला, की चाकं, स्प्रिंग सगळं चालताना दिसतं. मी त्यांना हाडाची घड्याळं म्हणते. एकतीस वर्षं मिरजेत एक्स-रे काढले, आतलं बघायची खोड लागली ती लागलीच. बारा झाली की बस, असं मी स्वतःला बजावलंय. आणि बंद घड्याळ पेटीत ठेवायचं नाही, हा पहिल्या दिवसापासूनचा नियम.

पुण्याचा विक्रेता एक स्विस घड्याळ देतोय. देखणं आहे, चालतं. चारला हो किंवा नाही सांगायचं.

दुसरं माझ्या मुठीत आहे. आदगोंडा मगदूम, म्हणजे आमचे घड्याळजी मगदूम अण्णा, आठ महिन्यांपूर्वी गेले. परवा त्यांच्या बायकोनं, पद्माक्कांनी, हे वर्तमानपत्रात गुंडाळून पाठवलं. 'यांच्या ड्रॉवरमध्ये होतं. असली घड्याळं तुम्हालाच लागतात. नको असेल तर परत पाठवा.' चावी दिली, कानाशी धरलं, हलवलं. ढिम्म. मग निवडायचं काय राहिलं? तरी दोन दिवस मी ते परत पाठवलेलं नाही.

पंखा फिरतोय. त्याची पाती दिसेनाशी होतात, मग पंखा आहे पण घर नाही, आणि खाली अण्णांचं दुकान आहे.

"जपून या बाई, स्क्रू सांडलाय," अण्णा म्हणतात. डोळ्याला भिंग, मान खाली.

ते वारलेत हे मला माहीत आहे. त्यांनाही माहीत असावं. तो विषय आम्ही दोघंही काढत नाही.

"लई दिसांनी," ते म्हणतात.

"घड्याळं मी दुरुस्तीला कोल्हापूरला देत होते."

"कळलं हुतं. चांगला माणूस हाय त्यो. तेल जरा जास्त घालतोय."

भिंतीवरची सगळी घड्याळं वेगवेगळी वेळ दाखवतात. याच काउंटरपाशी अकरा वर्षांपूर्वी मी म्हणाले होते, "अण्णा, लोकांची दुरुस्त करता, एक हाडाचं स्वतः करून दाखवा की." ते म्हणाले, बघू. मग दोन वर्षं मी विचारायची आणि ते पुढच्या महिन्यावर ढकलायचे. एकदा म्हणाले, करवतीचं बारीक पातं मिळेना. दुकानात चार गिऱ्हाइकं उभी होती. मी म्हणाले, "नाचता येईना, अंगण वाकडं." गिऱ्हाइकं हसली. अण्णाही हसले. नंतर मी त्या दुकानाची पायरी चढले नाही.

काउंटर गार लागतो. बघते तर तो एक्स-रेचं टेबल आहे, अण्णा त्यावर उताणे झोपलेत आणि माझ्या अंगात शिशाचा जड एप्रन आहे. हातातलं काम हात विसरत नाहीत.

"श्वास घ्या. रोखून धरा."

"त्यो रोखलेलाच हाय की, बाई."

अग बाई! मला हसू फुटतं. तेही हसतात, पण छाती हलत नाही.

फिल्म उजेडावर धरते. बरगड्या पितळेच्या आहेत, कडा कानशीनं घासून गुळगुळीत केलेल्या. सुंदर काम. स्विसवाल्यांनाही हेवा वाटावा असं. एक बरगडी मात्र केसाएवढी उरलीय.

"ही जास्त कापलीत, अण्णा."

"हाव सुटली. म्हटलं बाईस्नी झुलतं चाक पुरं दिसू दे. आजून जरा, आजून जरा. चार वर्सं घासत हुतो. मग बंद पडलं की ते."

"मला सांगायचंत."

"काय सांगू? अंगण वाकडं हाय म्हणून?"

मी फिल्म खाली ठेवते. ठेवायला जागा नाही, तरी ती कुठेतरी राहते. मला वाईट वाटतं. फार वाईट वाटतं, आणि एप्रन काढता येत नाही.

"मी तसं बोलायला नको होतं."

"बोललासा ते बोललासा. तुमचं त्वांड हायच तसं."

"उठता का आता? बाहेर पेशंट थांबलेत."

"पडू द्या की जरा. आडवं बरं वाटतंय. शेवटी शेवटी उभं ऱ्हायलं की धाप लागायची."

"मला माहीत नव्हतं."

"आला न्हाईसा," ते म्हणतात. बोलण्यात राग नाही. हवापाण्याचं बोलावं तसं म्हणतात.

बाहेरच्या बाकावर पेशंट नाहीत, माझी अकरा घड्याळं रांगेत बसलीत. त्यातल्या सातांच्या झाकणात आतून अण्णांची खूण आहे. दुरुस्ती झाली की घड्याळजी झाकणाच्या आत सुईनं बारीक काहीतरी कोरतो, पुढच्याला कळावं म्हणून.

"या माझ्या मुठीतल्या घड्याळावर तुमची खूण कशी नाही?" मी विचारते.

"मागं काच हाय. काचंवर कुठं कोरू? पट्टा काढून बघा. खूण केल्याबिगर आमी सोडत न्हाई."

"आणि ते स्विस?"

"ते घ्या. चालतंय न्हवं? बंद घड्याळ पेटीत ठेवू नका. नियम म्हंजे नियम."

"अण्णा..."

"श्वास सोडा, बाई," ते म्हणतात. "किती येळ रोखून धरलाय."

मी श्वास सोडते आणि वर पंखा असतो.

पावणेचार. घड्याळ मुठीतच आहे, पट्टा नाही. पट्टा उशीवर पडलाय. त्याची एक पिन चादरीवर आहे, दुसरी माझ्या अंगठ्यात रुतलीय आणि तिथे रक्ताचा ठिपका आलाय. कधी काढला, आठवत नाही. डुलकीत माणूस काय वाट्टेल ते करतो. मी या गोष्टीचा बाऊ करणार नाही.

पिन उपसते. भिंग डोळ्याला लावते. वर पट्टा बसतो त्या खाचेत सुईनं कोरलंय, अक्षर वाकडं, पण अण्णांचंच: 'बाई'.

खालच्या खाचेत: 'आडवं'.

दोन दिवस मी ते कानाशी उभं धरत होते. आता चावी देते आणि तळहात उशीवर सपाट ठेवून त्यावर घड्याळ ठेवते. पहिल्यांदा काहीच नाही. मग झुलतं चाक थरथरतं, एक हेलकावा घेतं, दुसरा घेतं आणि चालू लागतं. पुरंच्या पुरं दिसतं, एकही कड आड येत नाही. हात जरा तिरपा करते, केसाएवढ्या बरगडीवर भार येतो, थांबतं. सपाट करते, चालतं. पेटीत तर सगळी आडवीच असतात.

मी डोकं उशीवर टेकते. टिकटिक बारीक आहे, कान जवळ न्यावा लागतो.

चारला हॉलमध्ये फोन वाजतो. उठायचं तर हात उचलावा लागेल.

"वाजू दे," मी म्हणते. "खण भरलाय."