पेडलवरचे ठोकळे

मेलेली माणसं स्वप्नात येतात ती काहीतरी गहन सांगण्यासाठी, असं आपल्याकडे मानतात. माझी आई गाडीची किल्ली मागायला येते.

रविवारची दुपार आहे. जेवण अंगावर आलंय. कोल्हापुरात आमच्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये, चौपन्न सालच्या गाडीच्या पुढच्या लांब सीटवर मी आडवा झालोय. डोळे मिटलेत, पण शेजारच्यांच्या कुकरची शिट्टी ऐकू येतेय. ती लांबत जाते, आणि संपायच्या आत आई स्टिअरिंगसमोर बसलेली असते. पदर खोचलेला, गाडी चालवताना खोचायची तसा.

"सरक," ती म्हणते. "आणि किल्ली दे."

मी उठून बसतो. ती गेल्याला दीड वर्ष झालंय.

"बरी आहेस ना?" मेलेल्या माणसाला विचारायला मला याहून चांगलं सुचत नाही.

"मला काय धाड भरलीय? तू जाड झालायस."

मी किल्ली देतो. ती पाय पुढे करते. पाय पोचत नाहीत.

आई फार बुटकी होती. गाडी घेतली दादांनी, माझ्या वडिलांनी, पण त्यांचे डोळे अधू, म्हणून चालवायला आई शिकली. तिचे पाय पोचावेत म्हणून दादांनी तिन्ही पेडलवर बाभळीचे ठोकळे बसवले आणि ते निसटू नयेत म्हणून वर जुन्या चपलांचं चामडं ठोकलं. त्या ठोकळ्यांवर तिनं मला शाळेत नेलं, गावभरच्या लग्नांना नेलं, शेवटी दादांना दवाखान्यात नेलं. ती गेली तेव्हा मला रडू येईना, म्हणून मी गाडी मूळ स्थितीत आणायला घेतली. शिकलेल्या माणसाला ते सोपं पडतं. जुन्या गाड्यांच्या मेळाव्यात परीक्षक आत वाकून बघतात, आणि कारखान्यातून निघताना नव्हतं असं काही दिसलं की दुःखानं मान हलवतात. माझ्या गाडीत आता मान हलवण्यासारखं काही उरलेलं नाही.

"ठोकळे कुठायत?" आई विचारते.

"काढले. मूळचे नव्हते."

"मी तरी कुठं इथली मूळची? मी कागलची. ठेवलेस कुठं?"

"बंबात गेले. थंडी होती."

ती जरा विचार करते. "पाणी तापलं का नीट?"

"तापलं."

"बाभळीचं तापतंच." मग ती काचेतून पुढे बघते. "मला फार वेळ नाही, हेमू. तुला घरी सोडायचंय नि जायचंय."

"मी घरीच आहे की."

"कुठं आहेस? दीड वर्ष बघतेय मी."

मी दाराबाहेर बघतो. शेड उरलेली नाही. गाडी जागची हलत नाही, जागाच येऊन जातात. रंकाळ्याचं पाणी दारापर्यंत येतं नि ओसरतं. ती शिकवायची त्या शाळेचा व्हरांडा येतो. मुली पाढे म्हणताहेत, आई सवयीनं एकीचा चुकलेला पाढा सुधारते. मग हिरवा पडदा येतो, तिची शेवटची लोखंडी खाट येते, आणि एक नर्स काचेवर टकटक करते. "गाडी इथं लावायची नाही."

आईचा चेहरा बदलतो. "इथनं काढ मला."

"मी चालवू?"

"तू चालवलीस तर मी तुला सोडलं असं कसं होईल?"

मग मी, त्रेपन्न वर्षांचा, ब्लडप्रेशरची गोळी चालू असलेला माणूस, डॅशबोर्डखाली शिरतो आणि हातांनी पेडल धरतो.

"क्लच दाब. टाकला गियर. सोड आता. हळू. हळू म्हटलं ना, खिल्लारी बैला."

गाडी हलते. मला रस्ता दिसत नाही. दिसतात ते तिचे अधांतरी लोंबणारे पाय. टाचेच्या भेगा. दादा गेल्यावर जोडवी काढली त्या जागी बोटांवर अजून फिका पट्टा.

"कुठं आलो?"

"तुला काय करायचंय? थोडा वेग दे. रडतोयस का?"

"नाही."

"रड. पण दाबून धर, नाहीतर बंद पडेल."

मी दाबून धरतो. टायरखाली खडी वाजते, मग डांबर, मग पुन्हा खडी. तिला गाडी चालवताना गुणगुणायची सवय होती, ती गुणगुणतेय.

"आलं तुझं घर," ती म्हणते. "ब्रेक."

ब्रेक दाबला की ती उतरणार, हे मला कळतं. मी दाबत नाही.

"हेमू."

मी दाबत नाही.

"हेमंत. ब्रेक."

या आवाजाला नाही म्हणायला मी कधी शिकलोच नाही. दोन्ही हातांनी दाबतो.

डोळे उघडतात तेव्हा मी सीटवरून खाली, डॅशबोर्डखाली पडलेला आहे. घरातून वृंदा, माझी बायको, विचारतेय, चहा टाकू का. तोंड ओलं आहे. दोन्ही तळहातांवर पेडलच्या रबरावर असतात तशा आडव्या रेघा उठल्यात, लाल, खोल, एकेक मोजता येईल अशा. मी हात उजेडाकडे धरून बघत बसतो.

गाडीतल्या खालच्या रबरी मॅटलाही तशाच रेघा आहेत. चहा होईपर्यंत हातावरच्या जातात.