रबरी तळाची नाल

उदाराम लोहाराचे हात जेवतानाही स्वस्थ नसत. भात कालवता कालवता बोट ताटाच्या कडेने फिरायचं आणि वरणाची पिवळी नाल उमटायची. बायको निर्मलाबाई म्हणायची, "आधी जेवून घ्या नं. ताटाले कायले नाल ठोकता?"

तिरोड्याकडच्या गोरेगावच्या बाजाराच्या मैदानाला लागून त्यांचं दुकान. टिनाचं छप्पर, भाता, ऐरण आणि धुराने काळवंडलेला विश्वकर्मादेवाचा फोटो. उदाराम सांडशीत लोखंड धरायचा, निर्मलाबाई घण मारायची. विळे, कुऱ्हाडी, नांगराचे फाळ हे पोटाचं काम. पण बापापासून आलेला खरा हातगुण घोड्याला नाल ठोकण्याचा.

साल असेल दोन हजार चार. गावातून सिमेंटचा रस्ता झाला. माणसांची सोय झाली, चिमणीची गैरसोय. चिमणी म्हणजे शालीकरामची पांढरी घोडी, लग्नात नवरदेव मिरवणारी. मातीच्या रस्त्यावर महिना-दीड महिना टिकणारी नाल आता पंधरवड्यात झिजून पत्र्यासारखी व्हायची. नाल झिजली की नवी नाल, नवी नाल की नवे खिळे. तिच्या पुढच्या खुरांची कड भोकं पडून पडून जुन्या खापरासारखी झाली. खिळा मारला की टवका उडायचा.

"उदारामभाऊ," शालीकराम एकदा म्हणाला, "खिळा धरत नसंल तं सांगून टाक. वीटभट्टीवाला मागून राहिला तिले. तिथं मातीत नाल नाई लागत."

भट्टीवरच्या जनावरांच्या सोललेल्या पाठी उदारामने पाहिल्या होत्या. चिमणी त्याचा खांदा हुंगत उभी होती. तो म्हणाला, "थांब थोडा. पाहतो मी."

पाहतो म्हणाला खरा, पण मग त्याला चैन पडेना. आगटी पेटवून ठेवायचा आणि मोच्याच्या दुकानापुढे जाऊन उभा राहायचा. तिथे उभ्या उभ्या त्याच्या ध्यानात आलं, मोची तळ बदलतो, अंगठा-पट्टा तसाच ठेवतो. नालेचंही तेच का होऊ नये? लोखंड खुराला एकदा ठोकलं की राहू द्यायचं. झिजायला त्याच्या खाली ट्रकच्या टायरचा तळ. तो झिजला की तेवढाच बदलायचा. नवे खिळे नकोत, नवी भोकं नकोत.

माघातल्या एका वरातीत पहिला तळ लावला. चार बोल्ट खालून आवळले होते. बँड रंगात आला, चिमणी दोन पावलं नाचली आणि पायातलं रबर सुटून थेट ढोलावर आदळलं.

"घोडीनं चप्पल फेकून मारली का बावा?" नवरदेवाच्या काकाने विचारलं आणि सगळी वरात हसली. त्या दिवसापासून पोरंसोरं उदारामला 'चप्पलवाला' म्हणू लागली.

"हसू द्या," निर्मलाबाई म्हणाली. "पण सरपण जळून राहिलं अन् एक विळा झाला नाई आज, तेवढं ध्यानात ठेवा."

महाशिवरात्रीच्या आसपास वानरांनी घराच्या छपरावरचे मातीचे कवेलू फोडले. उदाराम फळी टाकून वर चढला. एका कवेलूचं तोंड दुसऱ्याखाली सरकवताना त्याचा हात थबकला. त्याने तोच कवेलू काढला, पुन्हा सरकवला, पुन्हा काढला. मग तडक खाली उतरला आणि चालू लागला.

"अहो! उघडं घर टाकून कुठं चाल्ले?"

"येतो नं!"

आला तो दिवस कलल्यावर. दुकानात नवी नाल तयार होती. पुढच्या टोकाला लोखंड वाकवून चोचीसारखी खाच केलेली. रबराचं टोक कवेलूसारखं त्या खाचेत सरकायचं आणि मागे टाचेशी दोनच बोल्ट, त्यांची डोकी रबरात बुडालेली. चिमणीचं खूर जिथे अजून धड होतं तिथेच मोजके खिळे. या वेळी तळ सुटला नाही. चिमणी मऊ टाकायची पाय, टापांचा आवाजसुद्धा बदलला.

शालीकराम इतका खूश झाला की वीटभट्टीचं नाव निघेना. उदारामने त्याला टायरचे तळ कापून दिले आणि बोल्ट खोलायचा पानाही देऊन टाकला. "आता तुले माझ्याकडे यायचं कामच नाई. घरीच बदलत जा."

लग्नसराई जोरात गेली. तिरोड्याहून एक घोडीवाला नाल पाहायला आला. तरी उदारामला स्वस्थता नव्हतीच. बैलाच्या खुराला ठोकतात त्या पत्रीला असा तळ बसेल का, हा नवा किडा डोक्यात शिरला होता.

ज्येष्ठात शेजारची शकुंतलाबाई आली. तिचं नवं घर झालं होतं. उंबऱ्यावर ठोकायला घोड्याच्या पायातून उतरलेली, झिजलेली नाल तिला हवी होती. शनीची नजर लागू नये म्हणून लोक अशी नाल त्याच्याकडून नेहमीच न्यायचे.

"चिमणीचीच दे भाऊ. पांढऱ्या घोडीची चांगली रायते."

उदारामने पेटी उपसली. कुऱ्हाडीचे तुकडे निघाले, खिळे निघाले, नाल नाही. तो हसून म्हणाला, "वहिनी, चिमणीची नाल आता झिजतच नाई. म्हून उतरतच…"

हसू तोंडातच राहिलं.

"ओमेशची माय," त्याने बायकोला हाक मारली, "चिमणीची नाल आपण कधी काढली होती?"

"काढली कुठं? कवेलू फिरवले तवा ठोकली, तेच."

झिजली नाल काढायची, वाढलेलं खूर तासायचं, मग नवी ठोकायची. बापाने शिकवलेलं हे एकच काम होतं, दोन नव्हती. नाल झिजायची म्हणून खूर तासलं जायचं. उदारामने झिजणंच थांबवलं होतं.

तो सायकल काढून निघाला. शालीकरामच्या अंगणात चिमणी पुढचा उजवा पाय अधांतरी धरून उभी होती.

"चार रोजापासून लंगडून राहिली," शालीकराम म्हणाला. "तळ तं नवाच टाकला मी. तुझ्या नालेनं दगा देल्ला भाऊ. बाजाराच्या दिवशी भट्टीवाला येते."

उदाराम तिच्या पायाशी बसला. पाय मांडीवर घेतला. खूर वाढून लोखंडावरून बाहेर आलं होतं आणि नाल टाचेत रुतली होती. त्याने नाल काढली तेव्हा घोडीने सगळं अंग आखडलं. तो तासत गेला. जुन्या भोकांचा, टवक्यांचा भाग गळून पडला आणि वरून उतरलेलं नवं खूर दिसलं. अखंड, गुळगुळीत, एकही भोक नसलेलं. त्याने बोटाने चाचपलं, पुन्हा चाचपलं.

"शालीकभाऊ, हे पाह्य. खिळा धरते आता. टाच तेवढी दुखावली. शेताच्या पायवाटेवर अनवाणी चालव, देव करो अन् बरी होवो. चूक माझी आहे."

बाजाराच्या दिवसापर्यंत उदारामला एक घास गोड लागला नाही. रोज सकाळी सायकल शालीकरामच्या अंगणात. मिठाच्या कोमट पाण्याने टाच शेकायची, हळद-तेल लावायचं. निर्मलाबाईने फोटोपुढे घोडीसाठी नारळ बोलला, त्याला न सांगता.

बाजाराच्या सकाळी चिमणी बांधावरून चारही पाय टेकत आली. भट्टीवाला दोरी घेऊनच आला होता.

"नाई द्यायची," शालीकराम म्हणाला. त्याने उदारामकडे पाहिलं नाही, पण खिशातून पाना काढून त्याच्या हातात ठेवला. "तूच बदलत जा बावा. मी आपला आणून उभी करत जाईन."

टाच भरल्यावर चिमणीला तशीच रबरी तळाची दुसरी नाल बसली, या वेळी नव्या खुराला. शालीकराम तिला महिन्याच्या महिन्याला आणून उभी करायचा. आधी खूर तासायचं, मगच तळ.

दुखऱ्या पायातून काढलेली जुनी नाल न्यायला शकुंतलाबाई आली होती. उलटसुलट करून म्हणाली, "हे तं झिजलीच नाई! कोरीच आहे."

"तुमाले दुसरी देतो वहिनी. हे नाई देत."

त्याने ती दुकानाच्या चौकटीवर ठोकली आणि तिच्याच खिळ्याला पाना अडकवला.

"लोहाराले कायची आली सनीची नजर?" ती हसली.

"ज्याचे हात गप नाई रायत, त्यालेच आधी लागते," निर्मलाबाई म्हणाली आणि घण उचलला. "धरा सांडशी."